कंचनीला दिवा दिसला असता का?

बालमित्रांनो, या आठवड्यात आपली भटकंती बुलढाणा जिल्ह्यात. बुलढाणा म्हटलं की कुणाला शेगाव आठवतं, कुणाला सिंदखेड राजा, तर कुणाला लोणारचं सरोवर. आज मात्र आपण जाणार आहोत मेहकरला. पैनगंगेच्या काठचं हे जुनं गाव. गावाजवळच्या टेकडीवर एक पडकी वास्तू उभी आहे. तिचं नाव कंचनीचा महाल. मेहकरला राहिलेले कवी ना. घ. देशपांडे (१९०९-२०००) यांच्या एका कवितासंग्रहाचं नावही 'कंचनीचा महाल' असंच आहे, बरं का! हा संग्रह १९९६ साली निघाला.

टेकडीवर उभं राहिलं की चहूकडचा मुलूख नजरेत येतो. शेतं, झाडं, घरांची छपरं आणि लांब कुठंतरी आभाळाला टेकलेली जमीन. एवढ्या उंचावर महाल कशाला बांधला असेल? त्याची एक गोष्ट या भागात सांगतात. गोष्ट तोंडोतोंडी चालत आलेली, त्यामुळे ती वेगवेगळ्या तऱ्हेनं ऐकायला मिळते. तिचं एक रूप असं :

कंचनी नावाची एक नर्तकी होती. लोणारच्या कमळजादेवीवर तिची फार भक्ती. रोज लोणारला जाणं काही जमायचं नाही. मग तिनं ठरवलं, की इतका उंच महाल बांधायचा, की वरच्या मजल्यावरून देवीच्या देवळातला दिवा दिसला पाहिजे! एकावर एक असे सात मजले चढले. पण देवीला ते रुचलं नाही. देवी कोपली, कंचनीला शाप मिळाला आणि दिवा पाहायचा तो राहूनच गेला.

गोष्ट ऐकून आपण हळहळतो आणि पुढं जातो. आज जरा थांबू या. वही-पेन्सिल काढा. खरोखरच सात मजल्यांवरून लोणारचा दिवा दिसला असता का, ते आपण मोजून पाहू.

पहिला प्रश्न : उंच चढलं की लांबचं का दिसतं? एका मोठ्या चेंडूवर मुंगी बसली आहे असं समजा. चेंडू गोल, म्हणून तिला जवळचंच दिसणार. पुढचा भाग चेंडूच्या फुगवट्याआड जातो. तिला काडीच्या टोकावर चढवलं, तर फुगवट्यावरून आणखी पुढचं दिसेल. आपणही पृथ्वी नावाच्या प्रचंड चेंडूवरच्या मुंग्या!

किती उंचीवरून किती लांबचं दिसतं याचा एक सोपा हिशेब आहे. उंची मीटरमध्ये घ्यायची, तिचं वर्गमूळ काढायचं आणि त्याला साडेतीननं गुणायचं. उत्तर येतं किलोमीटरमध्ये. (नववी-दहावीच्या ताई-दादांनी पायथागोरसच्या प्रमेयावरून हे सूत्र काढून पाहावं. पृथ्वीची त्रिज्या घ्या ६,३७१ किलोमीटर.)

आता महालाचा एक मजला साडेतीन मीटरचा धरू. सात मजले म्हणजे साधारण २५ मीटर. पंचवीसचं वर्गमूळ पाच. पाच गुणिले साडेतीन म्हणजे साडेसतरा किलोमीटर. आणि मेहकर ते लोणार अंतर किती? नकाशावर पट्टी ठेवून सरळ रेषेत मोजलं, तर सुमारे २० किलोमीटर. म्हणजे थोडक्यात हुकलं! पण थांबा. महाल टेकडीवर आहे ना? टेकडीचे अकराच मीटर धरले तरी उंची झाली ३६ मीटर. वर्गमूळ सहा, आणि उत्तर २१ किलोमीटर! म्हणजे मधली जमीन अगदी सपाट असती, तर सात मजल्यांचा बेत बरोबर जमत होता. गोष्ट सांगणाऱ्यांनी सातचा आकडा काही सूत्र मांडून घेतला नसणार. सात हा गोष्टींचा लाडकाच आकडा. तरीही गंमत वाटते की नाही?

दुसरा प्रश्न : एवढ्या लांबून एक दिवा डोळ्यांना दिसेल का? २०१५ साली दोन अमेरिकन संशोधकांनी एका मेणबत्तीच्या प्रकाशाची ताऱ्यांच्या प्रकाशाशी तुलना केली. त्यांना आढळलं, की अगदी काळोख्या रात्री नुसत्या डोळ्यांना मेणबत्ती फार तर २.६ किलोमीटरवरून दिसेल. आपलं अंतर तर २० किलोमीटर! अंतर दुप्पट झालं की दिव्याचा प्रकाश निम्मा नाही, पाव होतो. तिप्पट झालं की एक नवमांश. आपलं अंतर २.६ च्या पावणेआठ पटींच्या आसपास आहे. म्हणून मेणबत्त्या लागतील साधारण साठ, आणि त्याही एका जागी! शिवाय हवेतली धूळ आणि धुकं प्रकाश खातं ते वेगळंच. समईच्या एका ज्योतीचं हे काम नव्हे. पण देवळापुढची मोठी दीपमाळ आठवा. तिच्यावरच्या सगळ्या पणत्या एकदम पेटल्या तर? अगदीच अशक्य म्हणता येणार नाही.

मग कंचनीची अडचण नेमकी कुठं झाली? आता तिसरा प्रश्न, आणि खरी मेख इथंच आहे. कमळजादेवीचं देऊळ आहे कुठं? लोणारला गेलेल्यांना ठाऊक असेल. देऊळ गावात नाही, टेकडीवर नाही, ते आहे सरोवराच्या काठी, थेट विवराच्या आत! हे विवर हजारो वर्षांपूर्वी उल्का आदळून काळ्या दगडात तयार झालं. त्याचा वरचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर. भोवती उंच कडा आणि तळाशी पाणी. एखाद्या खोल परातीत पणती ठेवली आणि लांबून पाहिलं, तर पणती दिसेल का? परातीची कडा आड येईल.

तेव्हा महाल किती उंच हवा होता? कंचनीला शक्य तेवढं झुकतं माप देऊ. देवळापासून समोरची कडा जास्तीत जास्त लांब म्हणजे १,८०० मीटरवर आहे असं धरू, आणि तिची उंची १२० मीटरच धरू. दिव्याचा किरण कडेवरून बाहेर पडायचा, तर त्याला दर १५ मीटरला एक मीटर वर चढावं लागेल. असाच चढत तो २० किलोमीटरवर मेहकरला पोचला, की झाला सुमारे १,३३० मीटर उंच! मेहकरची टेकडी देवळापेक्षा शंभर मीटर उंच धरून तेवढे वजा करा. तरी उरले बाराशेहून जास्त मीटर. म्हणजे साडेतीन मीटरचे साडेतीनशे मजले! जगातली सर्वात उंच इमारत म्हणजे दुबईची बुर्ज खलिफा. तिची उंची ८२८ मीटर. अशा दीड इमारती एकावर एक ठेवाव्या लागतील. सात मजल्यांनी काय होणार?

"म्हणजे गोष्ट खोटीच ना?" असं तुमच्यापैकी कुणीतरी नक्की विचारेल. पण गोष्टीचा शेवट पुन्हा वाचा. गोष्टीत कंचनीला दिवा दिसला का? नाही! गोष्ट सांगणारी माणसं याच मुलखातली होती. ती विवर उतरून देवीला जात असणार. खाली देवळापाशी उभं राहिलं, की चहूकडे कडाच दिसतो, बाहेरचं काहीच दिसत नाही, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असणार. त्यांनी त्याला देवीचा कोप म्हटलं, आपण भूमिती म्हणू. उत्तर दोघांचंही एकच, दिवा दिसायचा नाही.

आणि उंचावरून लांबचा दिवा पाहण्याचं वेडही काही खुळेपणाचं नाही. भारताची मोजणी याच मार्गानं झाली. १८०२ साली मद्रासजवळ विल्यम लॅम्बटननं त्रिकोणमितीच्या साहाय्यानं ही थोरली मोजणी सुरू केली. काम करत करत तो विदर्भापर्यंत आला आणि १८२३ साली वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथंच आहे. त्याच्यानंतर जॉर्ज एव्हरेस्टनं काम पुढं नेलं. दिवसा धुरळ्यातून खुणा दिसेनात, तेव्हा तो रात्री लांबवर दिवे लावून कोन मोजू लागला. जिथं डोंगर नव्हते, त्या गंगा-यमुनेच्या सपाट प्रदेशात १८३० च्या दशकात त्यानं सुमारे १५ मीटर उंचीचे मनोरे बांधून घेतले. कशासाठी? तर मैलोगणती लांबचा दिवा दिसावा म्हणून!

मित्रांनो, कधी मेहकरला गेलात तर टेकडीवर जरूर जा. मात्र मोठ्या माणसांना बरोबर न्या. वास्तू जुनी आहे, तिच्या ढासळत्या भिंतींवर चढू नका. दगडावर आपलं नाव तर मुळीच कोरायचं नाही. गोष्टीतली कंचनी उद्याच्या मुलांनाही भेटायची असेल, तर तिचा महाल जागेवर राहायला हवा ना? मेहकर लांब असेल तरी बिघडत नाही. तुमच्या गावातही एखादा बुरूज, मिनार नाहीतर टेकडी असेलच. तिथून काय काय दिसतं, असं आजी-आजोबांना विचारा. ते म्हणतील, "अमक्या गावचं देऊळ दिसतं." मग नकाशा घ्या, अंतर मोजा, उंचीचं वर्गमूळ काढा आणि साडेतीननं गुणा. नाहीच जमलं, तर मध्ये काय आड येतंय ते शोधा. आणि तुमचं उत्तर आजोबांना सांगायला विसरू नका हं!