ट्रॉली जुनी झाली, म्हणून भंगारात?

गळीत हंगाम संपला की कराडपासून खाली वाळवा, पलूसपर्यंत घरोघरी दारात उसाच्या ट्रॉल्या उभ्या राहतात. मग मे महिन्यात त्यांच्यावरून घरात वाद सुरू होतो. डागडुजी करायची की नवी घ्यायची? यंदा आमच्याही घरात तो झाला. अब्बा म्हणाले, "पत्रा बदला, रंग मारा, अजून दहा वर्षं जाईल." धाकटा भाऊ म्हणाला, "अब्बा, दोन्ही भंगारात घालू आणि नवी जोडी घेऊ. फायनान्सवाला तयार आहे."

माझ्या मते दोघंही ट्रॉलीकडे न बघता बोलत होते. अब्बांना तिच्यात आपली पंचवीस वर्षं दिसत होती, भावाला शेजाऱ्याच्या दारातली नवी जोडी. शेवटी आम्ही ओळखीच्या वेल्डिंगवाल्या चाचांना बोलावलं.

चाचांनी गंजलेल्या पत्र्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते सरळ ट्रॉलीखाली गेले. हुकाची कडी घासून लांबट झाली आहे का ते बघितलं. चासीच्या जोडांवरचा रंग खरवडला. दोरी घेऊन एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत माप घेतलं, मग दुसऱ्या बाजूनं. दोन्ही मापं जुळली नाहीत तर सांगाडा वाकला असं समजायचं. जॅक लावून चाक हलवून पाहिलं, म्हणजे बेअरिंगचा खेळ कळतो. टायर एकाच बाजूनं झिजला असेल तर एक्सलवर संशय घ्यायचा. एवढं करायला त्यांना तासभर लागला आणि आमचा महिन्याचा वाद मिटला.

मागची ट्रॉली खालून ठणठणीत निघाली. पत्रा, फाळका आणि दोन पाटे बदलले की झालं. पुढची मात्र गेली होती. पुढच्या ट्रॉलीला स्वतःचा भार असतोच, शिवाय मागचीचं ओढणंही तिच्याच सांगाड्यातून जातं. तिच्या दांड्याच्या जोडावर आधीच तीनदा वेल्डिंग झालं होतं आणि त्याच्या शेजारी नवी चीर पडली होती.

यावरून माझं मत असं झालं आहे: वरचं गेलं तर दुरुस्ती करावी, खालचं गेलं तर बदलावी. पत्रा, लाकूड, टायर, बेअरिंग या झिजायच्याच वस्तू आहेत. नांगराचा फाळ झिजला म्हणून कुणी नांगर टाकून देत नाही, आणि ही गोष्ट आपल्या भागाला वेगळी सांगायला नको. लोखंडी नांगर करणारी किर्लोस्करवाडी 1910 साली याच मातीत उभी राहिली. पण चासी आणि दांडा चिरले असतील, तर नवा पत्रा म्हणजे नुसती रंगरंगोटी.

दुरुस्तीला हात घातला की आणखी एक मोह होतो. "आता कापलीच आहे तर दोन फूट लांब करा, दोन मोळ्या जास्त बसतील." तसं करू नका. ट्रेलर हेही कायद्यानं वाहनच आहे, त्याची नोंदणी वेगळी असते. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 प्रमाणे मूळ नोंदीशी न जुळणारा बदल परस्पर करता येत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी एक्सल जुनाच राहतो आणि वजन वाढतं, हे विसरून चालत नाही.

नवी जोडी घ्यावी म्हणणाऱ्या भावाचंही सगळं चूक नाही. हंगामात रस्त्यात एक्सल तुटला तर ऊस वाळतो, टोळी बसून राहते. पण कर्जाचा हप्ता हंगाम बघून येत नाही. मुकादमाला उचल दिली आणि टोळी आलीच नाही, असं आपल्या तालुक्यात किती गाडीमालकांचं झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून आम्ही एकच नवी घेतली आणि एक दुरुस्त केली. कर्ज अर्ध्यावर आलं.

आणि रिफ्लेक्टर. जुनी असो वा नवी, मागे लाल रिफ्लेक्टर हवेतच. रात्री पेठ-सांगली रस्त्यावर पंक्चर होऊन उभी राहिलेली ट्रॉली मोटारसायकलवाल्याला दिसते ती अगदी जवळ आल्यावर. बाहेर आलेली उसाची टोकं तर दिसतच नाहीत. वाटेतला अडथळा दूर करणं हा ईमानचाच भाग आहे, असं आपण लहानपणी शिकलो. मग तो अडथळा आपणच रस्त्यावर नेऊन उभा करायचा का? सगळ्या दुरुस्तीत सर्वांत स्वस्त काम हेच, आणि नेमकं तेच राहून जातं.

खरी परीक्षा शेवटी झाली. पुढच्या ट्रॉलीला एक गिऱ्हाईक आलं. भंगारापेक्षा बरीच जास्त किंमत देत होतं. भाऊ म्हणाला, "रंग मारून देऊन टाकू, त्याचं तो बघेल." अब्बांनी त्या माणसाला हाताला धरून ट्रॉलीखाली नेलं आणि चीर दाखवली. तो चहा पिऊन निघून गेला. भाऊ दोन दिवस बोलला नाही. त्याचा राग मला समजतो, कारण तेवढ्या पैशात चार हप्ते निघाले असते.

पण ती चिरलेली ट्रॉली ऊस भरून उद्या कुणाच्या तरी पोराच्या मोटारसायकलपुढे चालली असती. आम्ही ती गॅसनं कापून घेतली, वजनावर विकली आणि आरटीओला कळवलं. कलम 55 प्रमाणे वाहन कायमचं निकामी झालं की चौदा दिवसांत कळवावं लागतं. नाहीतर त्या नंबरावर कुणाची तरी भलतीच ट्रॉली फिरत राहते.

तुमच्या दारातही अशी एखादी उभी असेल, तर रंगवाल्याला किंवा फायनान्सवाल्याला फोन करण्याआधी एकदा तिच्याखाली जाऊन बघा. हंगाम सुरू व्हायला अजून वेळ आहे.