कुबट वासाचें मूळ कोठें आहे?

मृगाचा पाऊस पडूं लागला म्हणजे मुंबईपासून रत्नागिरीपर्यंत घरोघर एकच तक्रार ऐकूं येते. पेटी उघडावी तों कपड्यांस कुबट वास, दुकानांतील वह्या सादळलेल्या, चामड्याच्या जोड्यावर पांढरा भुरा आणि पलंगामागील भिंतीवर काळ्या बुरशीचे ठिपके! ह्यावर ठरलेले उपाय म्हणजे संध्याकाळीं ऊद जाळणें, कपाटांत डांबराच्या गोळ्या टाकणें आणि दिवाळीपूर्वीं भिंतीस रंगाचा हात देणें. 'रोग रेड्याला आणि औषध पखालीला' ह्या म्हणीचें याहून चांगलें उदाहरण सांपडणार नाहीं.

बुरशी ही दैवी आपत्ति नव्हे. तिचीं बीजें हवेंत सर्वत्र असतात. तीं नाहींशीं करणें कोणाच्याही हातीं नाहीं. परंतु त्यांस रुजावयास ओल लागते, आणि ओल तोडणें आपल्या हातीं आहे. ही ओल तीन वाटांनीं येते: छपरांतून व भिंतीच्या भेगांतून झिरपून, फुटक्या नळांतून गळून, आणि स्वयंपाकाच्या वाफेनें व घरांत वाळत घातलेल्या कपड्यांनीं. पावसाची झड चालू असतां खिडक्या उघडल्यानें घर कोरडें होत नाहीं. उघडीप मिळतांच समोरासमोरच्या खिडक्या उघडाव्या, कपाटें भिंतीपासून वीतभर दूर ठेवावीं, व गाद्यांस ऊन दाखवावें. बुरशी कोरड्या झाडूनें झाडूं नये. तिचीं बीजें घरभर उडतात. मुखपट्टी लावून साबणाच्या पाण्यानें ती घासून काढावी व जागा पंख्यानें पूर्ण सुकवावी. ब्लीचिंग पावडरींत संडास धुण्याचें ॲसिड कधींही मिसळूं नये. त्यांतून विषारी क्लोरीन वायु निघतो. आमच्या वाडवडिलांची चुन्याची सफेदी कांहीं अडाणीपणाची नव्हती. चुन्याच्या क्षारामुळें बुरशी सहसा धरत नाहीं. उलट, ओल्या भिंतीवर तैलरंग फांसला कीं पाणी आंत कोंडतें आणि पुढच्या पावसाळ्यांत पापुद्रे सुटतात.

हा प्रश्न केवळ वासाचा असता तर त्यासाठीं आम्ही अग्रलेखाची जागा खर्चिली नसती. ओल व बुरशी असलेल्या घरांत राहणारांस दमा व श्वसनाचे विकार अधिक होतात, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २००९ सालींच सांगून ठेविलें आहे. इंग्लंडांत रॉचडेल येथें २०२० सालीं दोन वर्षांचें एक मूल दगावलें. बुरशीच्या दीर्घ सहवासानेंच तें गेलें, असा निर्णय २०२२ सालीं चौकशीअंतीं झाला. बापानें पूर्वींच तक्रार केली होती; तेव्हां त्यास वरून रंग देण्यास सांगण्यांत आलें होतें! पुढें २०२३ सालीं तेथील पार्लमेंटानें सार्वजनिक घरांच्या मालकांवर ठराविक मुदतींत असे दोष दूर करण्याचें बंधन घालण्याची तरतूद केली.

आमच्याकडे कायदा नाहीं काय? आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याच्या कलम १४ अन्वयें, विरुद्ध करार नसेल तर, घर राहण्याजोगें ठेवणें मालकावर बंधनकारक आहे. नोटीस दिल्यापासून पंधरा दिवसांत त्यानें दुरुस्ती न केल्यास भाडेकरूंनीं, एकट्यानें वा एकत्र मिळून, ती करावी व खर्च भाड्यांतून वळता करावा. मात्र ही वजावट त्या वर्षाच्या भाड्याच्या चतुर्थांशाहून अधिक असतां कामा नये. येथेंच खरी मेख आहे. जुन्या चाळींत भाडें इतकें अल्प आहे कीं त्याच्या चतुर्थांशांत छपराचा एक कोपराही दुरुस्त होणार नाहीं. एवढ्या भाड्यांत आम्हीं काय काय करावें, ही मालकांची तक्रार अगदींच निराधार आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु त्या हिशेबाची बाकी लहान मुलांच्या फुप्फुसांतून वसूल करणें हा न्याय नव्हे.

म्हणून आमची सूचना स्पष्ट आहे. भाडेकरूंनीं एकेकट्यानें कुरकुरत न बसतां सर्वांच्या सह्यांची लेखी नोटीस पावसाळ्यापूर्वींच द्यावी. मालकांनीं रंगाचा खर्च आधीं गळती बंद करण्याकडे लावावा. आणि कायदे करणारांनीं वजावटीची ही मर्यादा दुरुस्तीच्या खऱ्या खर्चाशीं ताडून पाहावी. ऊद देवापुढें अवश्य जाळावा. पण भिंतींतील पाणी त्यानें आटत नाहीं.