वाटी, वजन आणि साखरांब्याचे प्रमाण

फळे वाटीने मोजावीत की वजनाने, या वादात वाटीच्या बाजूचा सर्वांत भक्कम युक्तिवाद प्रमाणाचा आहे. साखरांब्याला वाटीभर कैरीचा कीस आणि वाटीभर साखर असे सांगितले, की दोन्ही जिन्नस एकाच वाटीने मोजले जात असल्यामुळे वाटी लहान की मोठी हा प्रश्नच उरत नाही, असे हा पक्ष म्हणतो. वाटीच्या आकारापुरते ते निर्विवाद खरे आहे; परंतु वाटी जागा मोजते, आणि किसाने भरलेल्या जागेत फळाबरोबर हवाही असते, याचा त्यात विचार होत नाही.

ही हवा किती फरक पाडते, ते अमेरिकी कृषी खात्याच्या अन्नघटक तक्त्यांवरून कळते. त्यांत एक कप अख्ख्या स्ट्रॉबेरीचे वजन 144 ग्रॅम, अर्ध्या कापलेल्यांचे 152, चकत्यांचे 166 आणि गराचे 232 ग्रॅम दिले आहे. म्हणजे फळ तेच आणि कपही तोच असूनही केवळ सुरीच्या कामाने वजन दीडपटीहून अधिक वाढते. साखरांब्यात हाच घोळ साखरेच्या प्रमाणात उतरतो. 200 मिलिलिटरच्या वाटीत साखर साधारण 170 ग्रॅम बसते. समजा, कीस हलक्या हाताने भरला तर 100 ग्रॅम आणि दाबून भरला तर 150 ग्रॅम बसला, तर एकाच पाककृतीतून पहिल्या घरी साखर फळाच्या 1.7 पट पडते आणि दुसऱ्या घरी जेमतेम 1.13 पट. किसाला पाणी सुटून तो खाली बसला, की हिशेब आणखी बदलतो. गुळांब्यात तर चिरलेल्या गुळातही पोकळी असल्याने चूक दोन्ही बाजूंनी शिरते. साखर जास्त झाली तर ती बरणीत खडे धरते. कमी पडली आणि पाकही पुरेसा आटला नाही, तर बुरशीला वाव मिळतो.

पिढ्यान्‌पिढ्या वाटीनेच बिघाड न होता मुरांबे झाले, हा दुसरा आक्षेप आदराने ऐकण्याजोगा आहे. मात्र त्या यशात वाटीबरोबर तीच किसणी, कीस भरणारा तोच सवयीचा हात आणि पाकाची तार ओळखणारी नजर यांचाही वाटा होता. पाककृती छापली जाते तेव्हा त्यांपैकी फक्त वाटी कागदावर येते आणि नव्याने शिकणाऱ्याला अपुरी माहिती मिळते. यात दोष त्या सुगरणींचा नाही, लिहिण्याच्या पद्धतीचा आहे.

वजनाने कैरीचा आंबटपणा वा रसाळपणा कळत नाही, हेही खरे. पण तो वाटीनेही कळत नाही. फळाची अनिश्चितता अटळ असताना मापाचीही तिच्यात भर का घालावी, याचे उत्तर या आक्षेपात सापडत नाही. भारतातील अन्नसुरक्षा नियमांत जॅममधील फळाचे किमान प्रमाण, स्ट्रॉबेरी व रासबेरी वगळता, वजनानेच 45 टक्के ठरवले आहे, कारण जागेच्या मापावर असा नियम टिकूच शकत नाही.

तरीही 'एक वाटी म्हणजे इतके ग्रॅम' असे सरसकट तक्ते हा उपाय नव्हे. अमेरिकी कप सुमारे 240 मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियातील 250 चा, तर घरोघरच्या वाट्यांना कसलेच बंधन नाही. शिवाय फळ किसलेले, चिरलेले की दाबलेले, हे तक्त्यात नसेल तर त्यातील आकडा निरुपयोगी ठरतो. त्यापेक्षा रिकाम्या भांड्याचा धडा करून, म्हणजे त्याचे वजन आधी वजा करून, साल-कोय काढलेले फळ ज्या स्थितीत पातेल्यात पडणार त्याच स्थितीत तोलावे. जुनी कृती ग्रॅममध्ये उतरवताना ती करणाऱ्या व्यक्तीलाच तिच्या नेहमीच्या वाटीने नेहमीसारखा कीस भरायला सांगावा, तो तीनचार वेळा तोलून सरासरी घ्यावी, साखरेचेही तसेच करावे आणि कृतीत 'कैरीचा कीस, न पिळता, 500 ग्रॅम' अशा तऱ्हेने आकडा व स्थिती एकत्र लिहावी. आमरस किंवा गाळलेला गर यांत पोकळी जवळजवळ नसते, त्यामुळे तेथे खुणांचे मापपात्र खुशाल वापरावे.