हुकलेल्या भाकितांचा हिशेब

अमक्या ज्योतिषांनी सांगितलेलं तंतोतंत खरं झालं, असं सांगणारा माणूस खोटं बोलत नसतो. त्याला आलेला अनुभव खराच असतो. पण त्याच ज्योतिषांचं चुकलेलं भाकीत सांगायला कोण येतं? जुळलेलं घरोघर फिरतं, हुकलेलं विसरलं जातं, आणि जे कानावर येतं त्यालाच आपण पुरावा म्हणतो.

२००८ साली पुण्यात जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली. तिच्या निकालाइतकीच तिची बांधणी मला मोलाची वाटते. १०० हुशार मुलं आणि बौद्धिक अक्षमता असलेली १०० मुलं, अशा २०० कुंडल्या. त्यांतल्या सरमिसळ केलेल्या ४० प्रत्येक ज्योतिषाकडे गेल्या. मूल कोणत्या गटातलं, एवढंच ओळखायचं. म्हणजे इथे हुकलेलं उत्तरही मोजलं जाणार होतं. ५१ जणांनी कुंडल्या मागवल्या, उत्तरं २७ जणांची आली. त्यांतली सरासरी ४६ टक्के बरोबर ठरली. नाणं उडवलं असतं तरी निम्मी जुळली असती. एका ज्योतिष संस्थेने सगळ्या २०० कुंडल्या पाहिल्या, तिची १०२ उत्तरं बरोबर आली.

सर्वांत पुढे असलेल्या ज्योतिषाने मात्र ४० पैकी २४ ओळखल्या. त्याने एकट्याने हा निकाल जाहिरातीत छापला असता, तर ‘दहापैकी सहा अचूक’ या दाव्यात एक अक्षरही खोटं नसतं. आता २७ माणसांना प्रत्येकी ४० वेळा नाणं उडवू द्या. त्यांतल्या तीनचार जणांना २४ किंवा अधिक छापे पडतील, अशीच अपेक्षा गणित ठेवतं. उरलेले २६ निकाल शेजारी मांडल्याशिवाय त्या २४ ला काही अर्थच नाही.

कोचिंग क्लासच्या फ्लेक्सवरचे गुणवंत याच रीतीने निवडलेले असतात. फोटो खरे, गुण खरे. फक्त त्या वर्षी तिथे फी किती मुलांनी भरली, ते नसतं. पालक कर्ज काढतात ते त्या फोटोंकडे बघून. तो आकडा फोटोंच्या खाली, तेवढ्याच ठळक टाइपात छापणं सक्तीचं झालं पाहिजे.