अभयाचा पल्ला

अक्कलकुव्याहून देवगोई घाट चढून गेले की सातपुड्याच्या कुशीत मोलगी हे बाजारपेठेचे गाव लागते. आसपासच्या पाड्यांतील माणसे भगर, आमचूर आणि रानातील जिन्नस घेऊन येथे उतरतात आणि तेल, मीठ, कापड घेऊन पुन्हा डोंगर चढतात. या गावापासून उत्तर कोरियाची राजधानी प्योंगयांग सरळ रेषेत सुमारे पाच हजार किलोमीटरांवर आहे. 29 नोव्हेंबर 2017 रोजी त्या देशाने उडविलेले ह्वासाँग-15 हे क्षेपणास्त्र जवळजवळ साडेचार हजार किलोमीटर उंच गेले आणि जपानजवळच्या समुद्रात पडले. तेच जर उभे न उडविता लांबवर फेकले असते, तर सुमारे तेरा हजार किलोमीटरांचा पल्ला त्याने गाठला असता, असा तज्ज्ञांचा हिशेब आहे. मोलगीवर प्योंगयांगचा राग असण्याचे काही कारण नाही. तरीही अस्त्राच्या मोजपट्टीने पाहिले, तर सातपुड्यातील हे गावही आता दूर राहिलेले नाही.

जगातील तंट्यांविषयी वाचताना सामान्य वाचक एक बाजू निवडतो आणि मोकळा होतो. जैन गृहस्थाला मात्र त्याच्या आचारानेच एक वेगळी कसोटी दिलेली आहे. आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान ही चार दाने त्याच्या नित्य कर्तव्यात सांगितली आहेत, आणि त्यांत अभयदान श्रेष्ठ मानले आहे. ज्याच्यापासून कोणालाही भय नाही, तोच खरा निर्भय, हा त्यामागील विचार आहे. राष्ट्रे नेमका याच्या उलट हिशेब मांडतात. दुसऱ्याला जितके भय घालावे तितके आपण सुरक्षित, असे ती मानतात. उत्तर कोरियाच्या अग्निबाणांचा इतिहास म्हणजे या उलट्या हिशेबाचा एक लांबलचक ताळेबंद आहे.

31 ऑगस्ट 1998 रोजी या देशाचा एक अग्निबाण जपानवरून गेला, तेव्हा तो उपग्रहासाठी होता असे प्योंगयांगने सांगितले. 2003 साली त्या देशाने अण्वस्त्रप्रसारबंदी करारातून अंग काढून घेतले. 9 ऑक्टोबर 2006 रोजी पहिली अणुचाचणी झाली आणि पाचच दिवसांत सुरक्षा परिषदेने निर्बंधांचा ठराव केला. त्यानंतर चाचणी, ठराव, पुन्हा चाचणी आणि अधिक कडक ठराव अशी मालिकाच लागली. 2017 पर्यंत सहा अणुचाचण्या झाल्या. त्याच वर्षी कोळशाच्या निर्यातीवर बंदी आली आणि शुद्ध केलेल्या तेलाची आयात वर्षाला पाच लाख पिंपांवर आणली गेली. 2018 मध्ये सिंगापूर येथे आणि 2019 मध्ये हनोई येथे अमेरिकेचे अध्यक्ष आणि उत्तर कोरियाचे नेते समोरासमोर बसले; परंतु हनोईहून दोघेही रिकाम्या हातांनी परतले. मे 2022 मध्ये नव्या निर्बंधांच्या ठरावावर चीन आणि रशिया यांनी नकाराधिकार वापरला. निर्बंध लादणारेच एकमताचे राहिले नाहीत आणि अग्निबाणांचा पल्ला मात्र वाढत गेला.

या मालिकेतील एक तारीख महाराष्ट्रातील जैन समाजाला विशेष आठवावी अशी आहे. 7 फेब्रुवारी 2016 रोजी उत्तर कोरियाने उपग्रहाच्या नावाने आणखी एक दीर्घ पल्ल्याचा अग्निबाण सोडला. त्याच महिन्यात नंदुरबारच्या दक्षिणेस, बागलाण तालुक्यातील मांगीतुंगी येथे, डोंगराच्या कातळात कोरलेल्या 108 फुटी भगवान ऋषभदेवांच्या मूर्तीचा पंचकल्याणक प्रतिष्ठा महोत्सव झाला. देशोदेशींचे श्रावक त्या डोंगराच्या पायथ्याशी जमले होते. ज्यांच्या मूर्तीपुढे ते हात जोडत होते, त्या ऋषभदेवांच्याच दोन पुत्रांची कथा या विषयावर फार मोठा प्रकाश टाकते.

भरत चक्रवर्ती षट्खंड जिंकून परतला, तरी धाकटा भाऊ बाहुबली नमेना. दोन्ही सैन्ये समोरासमोर उभी राहिली. तेव्हा मंत्र्यांनी विचार केला, की भांडण दोघा भावांचे आहे. त्यासाठी असंख्य सैनिकांनी का मरावे? दोघांनी दृष्टियुद्ध, जलयुद्ध आणि मल्लयुद्ध करावे, असे ठरले. तिन्हींत भरत हरला आणि अपमानाच्या भरात त्याने चक्ररत्न सोडले. दूरवर जाऊन शत्रूचा नाश करणारे ते अमोघ अस्त्र बाहुबलीभोवती प्रदक्षिणा घालून निष्प्रभ झाले, कारण ते स्वकीयांचा वध करीत नाही. या कथेचा शेवट म्हणून बाहुबलीचे वैराग्य सर्वांच्या स्मरणात असते. मंत्र्यांचा सल्ला मात्र सहसा विसरला जातो. युद्ध टाळता येत नसेल, तर निदान त्याचे क्षेत्र आकुंचित करावे आणि ज्यांचा तंट्याशी संबंध नाही त्यांना त्यातून सोडवावे, हा तो सल्ला होय. दीर्घ पल्ल्याचे अस्त्र याच सल्ल्याच्या विरुद्ध चालते. ते तंट्याचे क्षेत्र इतके वाढविते, की त्यात कोणीही त्रयस्थ उरत नाही. शिवाय आजच्या चक्राला स्वकीय कोण आणि परका कोण हे ओळखता येत नाही.

हे भय एकाच बाजूचे आहे काय? अनेकान्ताचा अभ्यास करणाऱ्याने येथे थांबून पाहिले पाहिजे. 1950 ते 1953 या काळातील युद्धात उत्तर कोरियाची बहुतेक शहरे अमेरिकी बॉम्बफेकीने उद्ध्वस्त झाली. 27 जुलै 1953 रोजी झाला तो केवळ शस्त्रसंधी; शांततेचा तह आजही झालेला नाही. लिबियाच्या गद्दाफींनी 2003 साली आपला अण्वस्त्र कार्यक्रम सोडून दिला आणि 2011 मध्ये ते मारले गेले. प्योंगयांगच्या राज्यकर्त्यांनी हे उदाहरण वारंवार पुढे केले आहे. दुसऱ्या बाजूस, ऑगस्ट आणि सप्टेंबर 2017 मध्ये जपानच्या होक्काइदो बेटावरील माणसे पहाटेच्या भोंग्यांनी जागी झाली आणि आसरा शोधू लागली, कारण डोक्यावरून क्षेपणास्त्र जात होते. सोल शहर तर सीमेपासून सुमारे पन्नास किलोमीटरांवर, तोफांच्या टप्प्यातच आहे. दोन्हीकडचे भय खरे आहे. तथापि दोन्ही बाजू समजून घेणे म्हणजे दोन्ही बाजूंना सारखेच निर्दोष ठरविणे नव्हे. ज्या राज्यकर्त्याने स्वतःच्या प्रजेचे अन्न काढून अस्त्रात घातले, त्याचा दोष त्याच्या भयामुळे पुसला जात नाही.

येथे आहारदानाचा प्रश्न येतो. उत्तर कोरिया हा डोंगराळ देश आहे. लागवडीची जमीन थोडी आणि हिवाळा कडक. 1990 च्या दशकाच्या मध्यावर तेथे पडलेल्या दुष्काळात लाखो माणसे दगावली. 2017 मध्ये, क्षेपणास्त्रांच्या चाचण्या सर्वाधिक गाजत असताना, दर पाचांपैकी दोघे कुपोषित असल्याचे संयुक्त राष्ट्रसंघाचे अनुमान होते. मोलगीच्या वाचकाला ही स्थिती परकी वाटू नये. उतारावरची पातळ माती, पावसावरची भगर आणि ज्वारी, पीक निघाले की ऊसतोडीसाठी गुजरातेत उतरणारी कुटुंबे, आणि मोलगीच्या ग्रामीण रुग्णालयात उपचार घेणारी अशक्त बालके हे सातपुड्याचेही वास्तव आहे. भेद आहे तो दुसरीकडे. सातपुड्यातील माणूस पोटासाठी गाव सोडून जाऊ शकतो आणि वर्षानंतर परत येऊ शकतो. उत्तर कोरियाच्या शेतकऱ्याला परवान्याशिवाय जिल्ह्याबाहेरही जाता येत नाही. येथील बालमृत्यूंवर विधिमंडळात प्रश्न विचारला जातो, न्यायालयात याचिका होते, वृत्तपत्रात बातमी येते. तेथे अग्निबाणाच्या खर्चाचा हिशेब मागणारा कोणीच नाही. जेथे प्रश्न विचारण्याचेच भय आहे, तेथे अन्नही शेवटी शस्त्रागाराच्या दारातून वाटले जाते.

औषधदानाच्या बाबतीत भारताची नोंद समाधान देणारी आहे. कोरियन युद्धात भारताने लढाऊ पलटण न पाठविता 60 वे पॅराशूट फील्ड अँब्युलन्स हे वैद्यकीय पथक पाठविले. लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या नेतृत्वाखाली त्या पथकाने सैनिकांबरोबर नागरिकांवरही उपचार केले. पुढे जुलै 2020 मध्ये, निर्बंधांच्या काळातच, जागतिक आरोग्य संघटनेच्या विनंतीवरून भारताने क्षयरोगावरील दहा लाख डॉलरांची औषधे उत्तर कोरियासाठी जाहीर केली. अन्न आणि औषध यांना निर्बंधांतून वगळण्याची तरतूद आहे. पण बँका व्यवहार करावयास भितात, जहाजे माल घ्यावयास भितात. तेव्हा कागदावरची सूट रोग्यापर्यंत पोहोचविण्यासाठी कोणाला तरी हात पुढे करावा लागतो.

ज्ञानदान मात्र सोपे नाही. डेहराडून येथे संयुक्त राष्ट्रसंघाशी संलग्न असे अवकाशविज्ञानाचे शिक्षणकेंद्र आहे. आशियातील अनेक देशांप्रमाणे उत्तर कोरियाचेही काही विद्यार्थी तेथे शिकून गेले. 2016 मध्ये राष्ट्रसंघाच्या तज्ज्ञ समितीने त्यावर बोट ठेवले, कारण उपग्रह नेणारा अग्निबाण आणि बॉम्ब नेणारा अग्निबाण यांचे शास्त्र एकच. भारताला हे अनोळखी नाही. 18 जुलै 1980 रोजी रोहिणी उपग्रह नेणाऱ्या एसएलव्ही-3 चाच पहिला टप्पा पुढे 1989 मध्ये चाचणी झालेल्या अग्नी क्षेपणास्त्रात वापरला गेला, आणि 1992 मध्ये रशियाकडून क्रायोजेनिक इंजिनाचे तंत्र घेण्याच्या प्रयत्नात भारताच्या अवकाश संस्थेवर अमेरिकेने निर्बंध घातले होते. बहिष्काराची झळ सोसलेल्या देशाने दुसऱ्याच्या बहिष्काराकडे पाहताना अधिक विचारी असावे. दात्याने पात्र पाहून दान द्यावे, असे जैन आचारात सांगितले आहे. ज्ञान देताना ते कोणाच्या हाती कशासाठी जाणार, हा विवेक सोडता येत नाही.

उरले अभयदान. त्याचे उदाहरण कोरियाच्याच भूमीवर आहे, आणि ते घडविणारा अधिकारी कोल्हापूरच्या मातीतला होता. शस्त्रसंधीनंतर मायदेशी परतण्यास तयार नसलेल्या बावीस हजारांहून अधिक युद्धकैद्यांचा प्रश्न उरला. त्यांच्या निवाड्यासाठी पाच तटस्थ राष्ट्रांचे मंडळ नेमले गेले. जनरल थिमय्या त्याचे अध्यक्ष होते. कैद्यांच्या रखवालीसाठी गेलेल्या भारतीय दलाचे प्रमुख होते मेजर जनरल शंकरराव थोरात. दक्षिण कोरियाचा या दलाला इतका विरोध होता, की भारतीय सैनिकांना त्या देशाच्या जमिनीवर पाय न ठेवता जहाजावरून हेलिकॉप्टरने थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरावे लागले. उत्तरेलाही त्यांच्याविषयी संशय, आणि कैद्यांना तर रखवालदार म्हणजे शत्रूच.

सप्टेंबर 1953 च्या अखेरीस चिनी कैद्यांनी एका भारतीय मेजरला छावणीत ओढून नेऊन कोंडले. शस्त्रे चालविली असती तर त्याचा आणि कित्येक कैद्यांचा जीव गेला असता. थोरात मोजके सहकारी बरोबर घेऊन निःशस्त्र आत गेले, खवळलेल्या कैद्यांच्या मध्ये उभे राहून बोलले आणि आपल्या अधिकाऱ्याला सुखरूप बाहेर घेऊन आले. एकही गोळी सुटली नाही. पुढे कोरियातील कामगिरीबद्दल त्यांना अशोकचक्र वर्ग 2, म्हणजे आजचे कीर्तिचक्र, देण्यात आले. हेही नोंदविले पाहिजे, की त्यानंतर काही दिवसांतच अन्य ठिकाणी भारतीय रखवालदारांना गोळीबार करावा लागला आणि काही कैदी मृत्युमुखी पडले. अभय हा मंत्र नव्हे, की एकदा उच्चारला आणि संकट टळले. तो प्रत्येक वेळी नव्याने, स्वतःचा जीव धोक्यात घालून द्यावा लागतो. जानेवारी 1954 मध्ये ते काम संपले, तेव्हा कोणत्याही कोरियात वा चीनमध्ये जाऊ न इच्छिणारे 88 कैदी भारतीय दलाबरोबर भारतात आले. ज्यांना दोन्ही बाजूंचे भय वाटत होते, त्यांना या देशाने आसरा दिला.

आज दोन्ही कोरियांच्या दरम्यान संपर्काच्या दूरध्वनीवाहिन्या आहेत. एप्रिल 2023 पासून उत्तरेकडून त्यांवर उत्तर येईनासे झाले. तरीही दक्षिणेकडील अधिकारी ठरलेल्या वेळी सकाळ-संध्याकाळ फोन लावीत राहिले. व्यवहारी माणसाला हा वेडेपणा वाटेल. पण पर्युषणानंतर क्षमायाचना करणाऱ्या श्रावकाला त्याचा अर्थ कळावा. 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणताना समोरचा उत्तर देईल की नाही, याची अट नसते. ज्याच्याशी वर्षानुवर्षे बोलणे नाही, जमिनीच्या तुकड्यावरून किंवा दुकानाच्या वाटणीवरून ज्याच्या घरची पायरी चढणे सुटले, त्याच्यासाठीच तो दिवस आहे. गोड संबंध असलेल्यांना संदेश पाठविणे सोपे असते.

सुरक्षा परिषदेच्या ठरावांवर मोलगीच्या किंवा कोल्हापूरच्या कुटुंबाची सही नसते, आणि प्योंगयांगच्या अग्निबाणाचा पल्ला त्यांच्या प्रार्थनेने कमी होणार नाही. तथापि आपल्या घरात, पेढीवर, बाजारात आपल्यामुळे कोणाला भय वाटते, हे प्रत्येकाला पाहता येते. उधारीसाठी दाराशी आलेला शेतकरी, हाताखालचा नोकर, वेगळे मत मांडू पाहणारी सून, चूक लपविणारे मूल यांपैकी कोणी आपल्यासमोर बोलताना चाचरत असेल, तर आपल्याही हाती लहानसे चक्ररत्न आहे असे समजावे. ते खाली ठेवण्यासाठी कोणत्याही ठरावाची वाट पाहावी लागत नाही.