हिसका कधी मारायचा?

थंडी सरत आली की आमच्या घरात माळ्यावरची बांबूची काठी खाली उतरते. अब्बांच्या वेळेपासूनची ही रीत. रविवारी फजरची नमाज झाली की एका डब्यात रात्री भिजवलेली शेंगदाण्याची ढेप, दुसऱ्यात ओल्या मातीत गांडुळं, आणि स्कूटर कामठी रोडने कन्हानच्या काठाकडे. निघताना अम्मी हमखास म्हणायच्या, "मासळी पकडून आणणार की मोमिनपुऱ्यातून विकत?" टोमणा अगदीच खोटा नसायचा.

यंदा पहिल्यांदा भाचा सोबत आला. वय बारा. बूच जरा हललं की याची काठी आभाळात. सकाळभरात चार वेळा नुसता गळ वर आला, आमिष साफ. शेवटी आम्हीच मोठेपणाने सांगितलं, "घाई करू नकोस, नीट गिळू दे." पुढच्या वेळी बूच बुडालं, पोरगा दहापर्यंत मोजत बसला, मग ओढलं. वीतभर मरळ आली. गळ घशाच्याही खाली गेलेला. एवढीशी मासळी सोडून द्यायची असते, म्हणून आम्ही गळ काढायला गेलो आणि पाच-दहा रुपयांच्या त्या लोखंडासाठी तिचा घसा फाडला. पाण्यात सोडली तर पोट वर करून तरंगू लागली. "मामू, ही जगेल का?" त्याने विचारलं. जगली नाही.

चूक त्याची नव्हती, आमच्या सल्ल्याची होती. म्हणून हे सविस्तर.

हिसका कधी मारायचा हे बुचावर नाही, माशाच्या तोंडावर ठरतं. रोहू, कतला, मृगळ यांच्या जबड्यात दात नसतात, ते असतात घशात. आमिष ते ओठांनी ओढून घेतात आणि लोखंड टोचलं की तसंच थुंकून टाकतात. ढेपेच्या गोळीवर हे सारं क्षणात होतं, तेव्हा तिथे वाट पाहणं म्हणजे आमिष वाटणं. मृगळ तळाशी चरतो. शिसं गळाजवळ असेल तर त्याने आमिष उचलताच दोरी सैल पडते आणि बूच बुडण्याऐवजी आडवं होतं. नवखा माणूस ते बुडायची वाट बघतो आणि मासा निघून जातो. बूच नुसतं टुकटुक थरथरत असेल तर मात्र हात आवरावा. खाली खेकडा असतो किंवा बारीक मासळी कुरतडत असते.

मरळीचं तंत्र निराळं. तोंड मोठं, जबड्यात दात, दबा धरून झडप घालायची सवय. मोठी शिकार ती आधी जबड्यात धरते, आडोशाला नेते आणि मग गिळते. "गिळू दे" हा जुन्या लोकांचा सल्ला या मोठ्या आमिषासाठी होता. गांडूळ ती एका घासात घेते. तिथे दहा मोजले की गळ पोटात पोचलाच. अमेरिकेत बास नावाच्या मोठ्या तोंडाच्या माशाचे शौकीन लोक आहेत, त्यांच्यातही लगेच ओढा की थांबा हा वाद पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे.

आम्ही आता असं करतो. बूच एका दिशेला सरकत निघालं की आधी काठी पुढे नेऊन दोरीचा झोल काढायचा, माशाचं वजन हाताला जाणवलं की मनगटाने आखूड हिसका. खांद्यातून नाही, त्याने ओठ फाटतो किंवा मासळी डोक्यावरून मागच्या बाभळीत जाते (हेही आमच्याकडून झालेलं आहे). लवकर ओढल्याने काही मासे निसटतात. निसटू द्यावेत. निसटलेला मासा नदीतच राहतो, घशात गळ गेलेला ना घरचा ना नदीचा.

आणि गळ खोल गेलाच, पण मासळी सोडायची असेल, तर उपटू नये. तोंडाजवळ दोरी कापून सोडावी. अशाने ती वाचण्याची शक्यता बरीच जास्त असते. टोकामागचा काटा पक्कडीने आधीच दाबून ठेवला तर गळ सहज सुटतो. हल्ली टोक दांडीकडे वळलेला गोल गळही मिळतो. त्याला हिसका मारायचाच नसतो. दोरी हळूहळू ताणली की तो सरकत येऊन जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो. पोरांच्या हाती द्यायला हाच बरा, पण त्यांना हिसक्याशिवाय मजा येत नाही, ही अडचण.

मरळीसाठी काठावरचे लोक जिवंत बेडूक लावतात. आमच्या घरी अब्बांनी कधी लावू दिला नाही. बेडूक मारायला हदीसमध्ये मनाई आली आहे, एवढंच ते सांगत. गांडूळ किंवा बाजारातला झिंगा आम्हाला पुरतो.

पावसाळ्यात तर आम्ही काठीच काढत नाही. तेव्हा पाण्यावर लालसर पिल्लांचा गोळा दिसतो आणि त्याखाली मरळीचे आई-बाप राखण करत असतात. जवळ काही आलं की ते भुकेने नाही, रागाने झडपतात. अशा वेळी त्यांना पकडणं सोपं असतं, पण मागे उरलेली पिल्लं बघता बघता इतर मासे फस्त करतात.

आणखी एक. तलावाचा ठेका बहुधा ढीवर बांधवांच्या सहकारी संस्थेकडे असतो. त्यात बीज त्यांनी पैसे घालून सोडलेलं असतं. विचारल्याशिवाय तिथे गळ टाकू नये, मग भंडाऱ्याकडचा मालगुजारी तलाव असो की आपल्या गावाबाहेरचा.

पुढच्या रविवारी भाचा येईल असं वाटलं नव्हतं. फजरला दारात उभा होता. त्या दिवशी त्याने तीन मासे घालवले. चौथ्याला गळ बरोबर ओठात होता, अर्धा-पाऊण किलोचा रोहू. घरी आल्यावर अम्मींनी तो उलटापालटा करून पाहिला आणि विचारलं, "किती रुपये किलोने आणला?" पोरगा संतापून ओठातलं भोक दाखवत राहिला.