नवे टायर घातले, तरी स्टिअरिंग का थरथरतं?

वाशीहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. (नवी मुंबईची वाशी नव्हे हं, धाराशिव जिल्ह्यातली, तालुक्याची.) घरचा ट्रक आहे. यजमान चालवतात, दीर सोबतीला असतात. कांदा भरून सोलापूरला खेपा होतात. भिशी उचलून पुढच्या दोन्ही चाकांना नवे टायर घातले आणि तेव्हापासून पारगावला महामार्गाला लागून गाडीने वेग घेतला की स्टिअरिंग हातात थरथरतं. दीर म्हणतात, टायर परत करा. दुकानदार म्हणतो, टायर उत्तम, गाडीच जुनी. मिस्त्री म्हणतो, किंग पिन बदला. आता खरं कुणाचं धरायचं, असं त्या विचारतात. भिशी त्यांची, आणि रात्री गाडीत जाणारी माणसंही त्यांचीच.

बाई, इतक्यात कुणाचंच धरू नका. पण पुढची खेप भरण्याआधी एक काम आजच करून घ्या. पुढच्या चाकांचे नट पान्याने तपासायला सांगा. नटाभोवती गंजाची तांबूस रेघ ओघळलेली दिसली, तर नट ढिला झाला आहे असं समजा. डिस्क आणि हब यांच्यामध्ये गंज, माती किंवा रंगाचा जाड थर राहिला, तर आवळलेले नटही चार खेपांत सैल पडतात. म्हणून चाक बसवताना ती जागा तारेच्या ब्रशने घासायची, नट समोरासमोरचे आवळायचे आणि पन्नास ते शंभर किलोमीटर गाडी चालली की पुन्हा एकदा आवळायचे. हे दुसऱ्यांदा आवळणं हमखास राहून जातं. नट ढिले असतील तर गाडी जागची हलवायची नाही.

नट घट्ट निघाले, तर यजमानांना एवढंच विचारा : थरथर नेमकी केव्हा येते?

ताशी पन्नासपर्यंत काही नाही आणि साठच्या आसपास सुरू होते, असं सांगितलं तर चाकाचा तोल गेला आहे. आपल्या घरातला छताचा पंखा आठवा. एक पातं जरासं वाकलेलं असलं तर एकवर तो गरीब गायीसारखा फिरतो, पाचवर सगळं छत हलवतो. चाकाचंही तसंच आहे. ट्रकचं चाक ताशी साठच्या वेगाला मिनिटाला सुमारे तीनशे फेरे घेतं. टायरच्या कडेला एका बाजूला नुसतं २०० ग्रॅम वजन जास्त असलं, तरी त्या वेगाला दहा-अकरा किलोचा हिसका बसतो, आणि तोही सेकंदाला पाच वेळा! वेग दुप्पट झाला की हिसका चौपट होतो. व्हील बॅलन्सिंगच्या यंत्रावर हलकी बाजू शोधून तिथं वजन लावतात. बऱ्याच नव्या टायरांवर पिवळा ठिपका असतो, ती टायरची हलकी बाजू. टायर चढवताना ती व्हॉल्व्हजवळ ठेवायची असते.

मात्र बॅलन्सिंगला पैसे देण्याआधी चाक आतून धुऊन पाहा! तुमच्याकडची काळी माती चिकट. शेतात कांदा भरताना ती डिस्कच्या आतल्या बाजूला बसते, वाळून दगड होते, आणि तिचं वजन २०० ग्रॅमच काय, किलोभरही होतं. बादलीभर पाण्यात मिटणारं दुखणं असलं तर कशाला खर्चात पडा?

अगदी हळू, वीस-तीसच्या वेगालाही स्टिअरिंग डावीउजवीकडे डुलत असेल तर गोष्ट निराळी. तिथं तोल नव्हे, आकार बिघडला आहे. टायर डिस्कवर सारखा बसला नसेल, आत फ्लॅप दुमडला असेल किंवा डिस्कच वाकलेली असेल. टायरच्या बाजूला डिस्कलगत एक बारीक गोल रेघ असते. ती सगळीकडून सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. कुठं आत गेलेली, कुठं बाहेर आलेली दिसली, तर हवा सोडून टायर पुन्हा बसवावा लागतो. ते काम दुकानदाराचं आहे, त्याचे पैसे पुन्हा मागू देऊ नका. रिंगच्या चाकात हवा भरली जात असताना समोर कुणीही उभं राहू नये, मुलांना तर तिथं फिरकूही देऊ नका. रिंग निसटली की तोफेच्या गोळ्यासारखी येते.

रात्रभर भरलेली गाडी उभी होती आणि सकाळी पहिले चार-पाच किलोमीटरच थरथर येते? मग टायर खाली दबून चपटा झालेला असतो. गरम झाला की आपोआप गोल होतो. फक्त ब्रेक दाबल्यावरच थरथरत असेल तर ब्रेकचे ड्रम बघायला सांगा. बिचाऱ्या टायरचा त्यात काही दोष नाही.

आता मिस्त्रीचं किंग पिन. खड्ड्यातून गेल्यावर हिसडे सुरू होतात आणि वेग अगदी कमी केल्याशिवाय थांबत नाहीत, असं असेल तर मिस्त्री खरा असू शकतो. जात्याचा मधला आस सैल झाला की वरची तळी कशी लडबडते, तसलंच हे. घासलेल्या जुन्या टायरांवर ही ढिलाई कळत नाही. नव्या टायरची पकड चांगली, म्हणून ती हातापर्यंत येते. पण किंग पिन बदलणं हे मोठं काम, तेव्हा आधी ढिलाई डोळ्यांनी पाहा. मागच्या चाकांना दगड लावून पुढचं चाक जॅकवर घ्यायचं, एक्सलखाली भक्कम ठोकळा द्यायचा. मिस्त्री चाक वरून-खालून धरून हलवील, तेव्हा कुणीतरी ब्रेक दाबून धरायचा. ते काम तुम्हीच करा. ब्रेक दाबल्यावर हालणं थांबलं तर ढिलाई बेअरिंगची, तरीही राहिलं तर किंग पिनची. चाक आडवं, डावी-उजवीकडे धरून हलवताना खेळलं तर टाय रॉडची टोकं पाहायची.

अलाइनमेंटचा सल्लाही कुणीतरी देईलच. अलाइनमेंट बिघडली की गाडी एका बाजूला ओढते, टायर वाकडे झिजतात. नुसत्या थरथरीवर तो इलाज सहसा लागू पडत नाही.

एवढं करूनही वाद मिटला नाही, तर रिकाम्या गाडीत मागच्या जोडीतलं बाहेरचं, त्याच मापाचं आणि चांगल्या नक्षीचं चाक एकेक करून पुढं लावा आणि हळूहळू वेग वाढवून पाहा. रेडियल असेल तर रेडियलच, रबर चढवलेलं चाक पुढं मुळीच नको. चाक बदलल्यावर थरथर गेली तर खोट त्या चाकात, राहिली तर गाडीत. टायरच सदोष ठरला तर दुकानदार तो कंपनीकडे तपासायला पाठवतो, आणि त्यासाठी बिलावर टायरचा नंबर लिहिलेला असावा लागतो. टायरच्या कडेवर चार आकडेही असतात. २३२४ म्हणजे २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. दोन्ही टायरांचे नंबर आणि हे आकडे आज वहीत उतरवून ठेवा, आणि बिल कांद्याच्या पावत्यांत न घालता वेगळं जपा.